जुन्या ॲनालॉग टीव्हीसाठी डिजिटल कन्व्हर्टर बॉक्स कसा निवडावा

ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले की उत्तम चालणारा टीव्हीही एका दिवसात निकामी वाटू लागतो. पडद्यावर मुंग्या आणि स्पीकरमधून खरखर एवढेच उरते. नेदरलँड्समध्ये हे डिसेंबर २००६ मध्ये घडले, अमेरिकेतल्या पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी ॲनालॉग प्रक्षेपण थांबवले, जपानच्या बहुतेक भागात २४ जुलै २०११ रोजी ते बंद झाले आणि ब्रिटनमध्ये हे काम ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्ण झाले. प्रत्येक ठिकाणी जुना संच बाळगणाऱ्यांपुढे प्रश्न एकच होता: पिक्चर ट्यूब ठणठणीत आहे, रंग शाबूत आहेत, आवाज भरदार आहे, मग केवळ आतल्या ट्यूनरला, म्हणजे वाहिन्या पकडणाऱ्या भागाला, नवा सिग्नल उलगडत नाही म्हणून संच भंगारात द्यायचा का? देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. योग्य बॉक्स जोडला तर असा टीव्ही आणखी बरीच वर्षे काम देतो.

कन्व्हर्टर बॉक्स हा बाहेर बसवलेला ट्यूनरच असतो. अँटेनातून आलेला डिजिटल सिग्नल तो पकडतो, त्यातले चित्र आणि आवाज उलगडतो आणि जुन्या टीव्हीला समजेल अशा ॲनालॉग रूपात पुढे देतो. त्याचे एक टोक हवेतल्या सिग्नलशी जुळावे लागते आणि दुसरे टीव्हीच्या पाठीवरच्या सॉकेटशी. ही दोन टोके जुळली की उरलेल्या सोयी कमीजास्त असल्या तरी निभावते, आणि यांतले एक जरी चुकले तरी बाकीच्या सगळ्या सोयी व्यर्थ ठरतात. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या खरेद्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्या टोकाला फसलेल्या आहेत, कारण लोक बॉक्सच्या खोक्यावरचा मजकूर बारकाईने वाचतात, पण टीव्हीची पाठ पाहतच नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पहिली पायरी: टीव्हीची पाठ पाहणे

टीव्ही बंद करून प्लग काढावा, संच भिंतीपासून पुढे ओढावा आणि टॉर्च व सुके फडके घेऊन मागे बसावे. वर्षानुवर्षांच्या धुळीखाली सॉकेटांची नावे झाकलेली असतात, ती पुसून काढावीत आणि मोबाइलने स्पष्ट फोटो घ्यावा. हा फोटो दुकानात फार उपयोगी पडतो, कारण सॉकेटचे वर्णन तोंडी सांगताना माणूस गोंधळतो.

पिवळे, पांढरे आणि लाल असे तीन गोल सॉकेट दिसले तर काम सोपे आहे. पिवळ्यातून चित्र जाते आणि पांढऱ्या-लालमधून डावा-उजवा आवाज. काही संचांना एकच स्पीकर असतो, त्यामुळे पिवळा आणि पांढरा एवढे दोनच सॉकेट मिळतात. तेही पुरेसे आहेत. मात्र सॉकेटावर ‘इन’ लिहिले आहे की ‘आउट’, हे नक्की वाचावे. काही टीव्हींच्या मागची जोडी फक्त बाहेर सिग्नल देण्यासाठी असते आणि आत घेण्याची जोडी पुढच्या बाजूला, बटणांच्या शेजारी एका छोट्या झाकणाआड दडलेली असते. ते झाकण उघडून पाहिल्याशिवाय एव्ही, म्हणजे चित्र-आवाजाचे हे रंगीत, सॉकेट नाहीत असे ठरवू नये.

चार बारीक छिद्रांचा गोल सॉकेट असेल तर तो एस-व्हिडिओ असतो. त्यातून आवाज जात नाही, पण पिवळ्या पिनेपेक्षा चित्र अधिक स्वच्छ येते, कारण उजेडाची आणि रंगाची माहिती त्यात वेगवेगळ्या तारांतून जाते. युरोपीय बाजारासाठी बनलेल्या संचांना २१ पिनांचा लांबट स्कार्ट सॉकेट असतो, त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. असा टीव्ही असेल तर स्कार्ट असलेला बॉक्स शोधावा, किंवा पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना स्कार्टमध्ये बसवणारा जोड घ्यावा. त्या जोडावर आत-बाहेर अशी बारीक कळ असते. ती ‘आत’च्या बाजूला ठेवावी लागते.

खरी कसोटी लागते ती ज्या टीव्हीला फक्त अँटेनाची जागा आहे तिथे. ही जागा तीन प्रकारची असू शकते: आटे असलेला सॉकेट, ज्यावर केबल फिरवून घट्ट बसवतात, साधा गोल सॉकेट, ज्यात पिन ढकलून बसवतात, आणि सर्वांत जुन्या संचांवर दोन स्क्रू, ज्यांना चपटी दोन-तारी वायर जोडलेली असते. पहिल्या दोन्हींचा रोध ७५ ओहम, तर स्क्रूंच्या जोडणीचा ३०० ओहम असतो. बॉक्समधून येणारी गोल केबल ७५ ओहमची असल्यामुळे स्क्रूवाल्या टीव्हीसाठी मधे एक छोटा जोड लागतो, ज्याला बॅलन किंवा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तो साधासा भाग आहे, पण तो नसेल तर नवा बॉक्स खोक्यातच पडून राहतो.

इथे एक इशारा मला कळकळीने द्यावासा वाटतो. एव्ही सॉकेट नाही म्हणून कोणी टीव्ही उघडून आतून तारा काढून देण्याची तयारी दाखवेल, तर त्याला नकार द्यावा. पुष्कळ जुन्या संचांत आतला सांगाडा थेट वीजपुरवठ्याशी जोडलेला असतो, त्यामुळे बाहेर काढलेल्या तारेच्या धातूवरही वीज येऊ शकते. शिवाय रंगीत पिक्चर ट्यूबचा दाब २० हजार व्होल्टच्या पुढे असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ आत साठून राहतो. या कामाला सुरक्षित पर्याय आहेत आणि ते पुढे सांगितले आहेत.

पाठीवरच्या लेबलवरच टीव्हीची रंगपद्धतीही छापलेली असते. ती पाल, एनटीएससी किंवा सेकाम यांपैकी एक असते. पाल आणि सेकाममध्ये चित्र ६२५ ओळींचे, तर एनटीएससीमध्ये ५२५ ओळींचे असते. आपण राहतो त्या देशातच घेतलेला टीव्ही आणि तिथलाच बॉक्स असेल तर हे आपोआप जुळते. पण यांतली एखादी वस्तू परदेशातून आणलेली असेल तर तपासणी आवश्यक ठरते, कारण पद्धत जुळली नाही की चित्र काळेपांढरे दिसते किंवा वरखाली सरकत राहते. बऱ्याच बॉक्सच्या मेनूत ही पद्धत बदलता येते. फक्त सेकाम समजणाऱ्या टीव्हीसाठी मात्र बॉक्स मिळणे अवघड असते. त्या संचाला स्कार्ट असेल तर आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळा पाठवणारा, सिग्नल देणारा बॉक्स हा त्यातला चांगला मार्ग आहे, कारण त्या सिग्नलमध्ये रंगपद्धतीचा प्रश्नच येत नाही.

दुसरी पायरी: सिग्नल कुठून येतो आणि कोणत्या पद्धतीचा आहे

घरात कार्यक्रम तीन वाटांनी येऊ शकतात: जमिनीवरच्या मनोऱ्यावरून अँटेनाने, उपग्रहावरून छत्रीने, किंवा केबलने. या तिन्हींचे बॉक्स वेगळे असतात. अँटेनाचा बॉक्स छत्रीच्या केबलला जोडून काहीही दिसणार नाही, आणि उलटही तसेच. केबल किंवा उपग्रहाच्या वाहिन्या बहुधा कुलूपबंद असतात, त्यामुळे तिथे सेवा देणाऱ्याचा स्वतःचा बॉक्स किंवा कार्ड घ्यावे लागते आणि निवडीला फारसा वाव उरत नाही. म्हणून पुढचे विवेचन अँटेनाने येणाऱ्या मोफत वाहिन्यांपुरते आहे. बॉक्सच्या टीव्हीकडच्या जोडण्यांविषयी जे लिहिले आहे ते मात्र तिन्ही प्रकारांना लागू पडते.

अँटेनाच्या डिजिटल प्रक्षेपणाची पद्धत देशागणिक बदलते. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी. युरोपात आणि आशिया-आफ्रिकेच्या मोठ्या भागात डीव्हीबी-टी किंवा तिची पुढची पिढी डीव्हीबी-टी२. जपानमध्ये आयएसडीबी-टी आणि ब्राझीलसह दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच देशांत तिचेच सुधारित रूप. तर चीनमध्ये डीटीएमबी. एका पद्धतीचा बॉक्स दुसऱ्या पद्धतीच्या प्रदेशात निरुपयोगी आहे. परदेशातून कोणी प्रेमाने आणलेला बॉक्स चालत नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते. जपानमध्ये याशिवाय बॉक्सबरोबर एक छोटे कार्डही लागते, त्याशिवाय नेहमीच्या वाहिन्यांचे चित्र उलगडत नाही.

पिढीचा फरक अधिक फसवा आहे, कारण नावे जवळजवळ सारखी असतात. डीव्हीबी-टीचा बॉक्स डीव्हीबी-टी२चा सिग्नल पकडू शकत नाही, मात्र टी२चे बॉक्स सहसा दोन्ही पकडतात. तसेच एटीएससीचा जुना बॉक्स एटीएससी ३.० समजू शकत नाही. वापरलेला बॉक्स विकत घेताना किंवा नातेवाइकाच्या माळ्यावरून काढलेला बॉक्स जोडताना नावातला हा एक आकडा डोळे उघडून पाहावा.

याच्याही आत आणखी एक थर आहे, तो म्हणजे चित्र आणि आवाज दाबून पाठवण्याची रीत. चित्रासाठी एमपीईजी-२, एच.२६४ आणि एचईव्हीसी या तीन रीती प्रचलित आहेत. जर्मनीने २०१७ मध्ये डीव्हीबी-टी२कडे वळताना एचईव्हीसी स्वीकारली. तिथे फक्त एच.२६४ समजणारा टी२ बॉक्स जोडला तर वाहिन्यांची यादी भरते, पण चित्र येत नाही. आवाजाचेही तसेच असते: डॉल्बी, एएसी किंवा एमपीईजी यांपैकी जी रीत केंद्र वापरते ती बॉक्सला येत नसेल तर मूकपट पाहावा लागतो. त्यामुळे बॉक्सच्या तपशिलात ‘फुल एचडी’ किंवा ‘४के’ लिहिले आहे याने हुरळून जाण्यापेक्षा आपल्या भागातल्या वाहिन्या कोणती पद्धत, कोणती पिढी आणि कोणती दाबण्याची रीत वापरतात, हे प्रक्षेपण संस्थेच्या माहितीतून काढून तेवढे तीन शब्द कागदावर लिहून घ्यावेत. जुन्या टीव्हीचा पडदा ५७६ किंवा ४८० ओळींपेक्षा अधिक तपशील दाखवूच शकत नाही, म्हणून वरच्या दर्जासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: बॉक्सची पाठ, आणि ‘आरएफ आउट’चा सापळा

आता बॉक्स उलटा करून पाहण्याची वेळ आली. टीव्हीला पिवळा-पांढरा सॉकेट असेल तर बॉक्सवरही एव्ही आउट असणे आवश्यक आहे. ही गोष्ट आता गृहीत धरता येत नाही. अलीकडचे बरेच बॉक्स केवळ एचडीएमआय सॉकेट घेऊन येतात आणि ॲनालॉग टीव्हीला एचडीएमआय कळत नाही. बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी केबल मिळते. ती घेऊ नये. डिजिटल सिग्नल नुसत्या तारेतून गेल्याने ॲनालॉग होत नाही, त्यासाठी मधे काम करणारे सर्किट आणि त्याला वीज लागते. आधीच घेतलेल्या बॉक्सवर एचडीएमआयच असेल तर वीजपुरवठा लागणारा, डबीसारखा खरा एचडीएमआय-ते-एव्ही कन्व्हर्टर घ्यावा, आणि तो एचडीएमआय आत घेतो की बाहेर देतो हेही तपासावे, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन उलट कामाच्या डब्या शेजारी शेजारी विकल्या जातात.

काही छोट्या बॉक्सवर तीन रंगीत सॉकेटांऐवजी हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते. त्यासाठी चार पट्ट्यांच्या पिनेची केबल लागते. सर्व उत्पादक या पट्ट्यांचा क्रम सारखा ठेवत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या यंत्राची केबल घातली तर चित्राच्या जागी आवाज आणि आवाजाच्या जागी गुरगुर येते. बॉक्सबरोबर आलेलीच केबल वापरावी. ती हरवली असेल तर पिवळी आणि लाल पिन आपसात बदलून पाहावी. कित्येकदा तेवढ्याने जमते.

ज्या टीव्हीला फक्त अँटेनाची जागा आहे, त्याच्या मालकाने पुढचा भाग सावकाश वाचावा. बॉक्सच्या मागे ‘आरएफ आउट’ असे लिहिलेला सॉकेट दिसला की माणसाला वाटते, काम झाले. पण या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एका प्रकारात बॉक्सच्या आत मॉड्युलेटर असतो, तो उलगडलेले चित्र पुन्हा ॲनालॉग वाहिनीच्या रूपात घडवून या सॉकेटातून सोडतो, आणि टीव्ही ते चित्र नेहमीच्या केंद्रासारखे पकडतो. दुसऱ्या प्रकारात हा सॉकेट नुसती पुढे जाणारी वाट असतो: अँटेनातून आलेला डिजिटल सिग्नल जसाच्या तसा दुसऱ्या यंत्राकडे जातो. जुन्या टीव्हीला त्यातून मुंग्यांशिवाय काहीही मिळत नाही. आजच्या स्वस्त बॉक्समध्ये हा दुसरा प्रकारच अधिक आढळतो.

फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. मॉड्युलेटर असलेल्या बॉक्सवर ‘३’ आणि ‘४’ अशी छोटी कळ असते, किंवा मेनूत आरएफ वाहिनीचा क्रमांक निवडण्याची सोय असते. पाल प्रदेशातल्या बॉक्समध्ये हा क्रमांक बहुधा २१ ते ६९ या यूएचएफ, म्हणजे वरच्या वारंवारतेच्या, पट्ट्यातला असतो. माहितीपत्रकात अशी निवड कुठेच नसेल, किंवा सॉकेटावर ‘लूप’ असा शब्द असेल, तर आत मॉड्युलेटर नाही असे समजावे. अमेरिकेत स्थित्यंतराच्या काळात सरकारी सवलतीस पात्र ठरणाऱ्या बॉक्सना वाहिनी ३ किंवा ४ वर चित्र देणारा आरएफ आउट आणि पिवळ्या पिनेचा आउट असे दोन्ही असणे बंधनकारक होते. त्यामुळे त्या पिढीचा वापरलेला बॉक्स अँटेनाच्याच जागेवर अवलंबून असलेल्या संचासाठी आजही उत्तम ठरतो, अर्थात तिथल्या एटीएससी सिग्नलपुरता.

मॉड्युलेटर असलेला बॉक्स न मिळाल्यास वेगळा मॉड्युलेटर घेता येतो. तो मुठीएवढा डबा असतो: एका बाजूने पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना आत आणि दुसऱ्या बाजूने अँटेनाची केबल बाहेर. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, टीव्हीच्या चकतीवर फक्त व्हीएचएफ, म्हणजे खालच्या पट्ट्यातल्या, वाहिन्या असतील तर यूएचएफवर चित्र देणारा मॉड्युलेटर चालणार नाही. दुसरी गोष्ट आवाजाची आहे. ॲनालॉग वाहिनीत आवाज हा चित्रापासून ठरावीक अंतरावर असतो आणि हे अंतर देशांनुसार ४.५, ५.५, ६.० किंवा ६.५ मेगाहर्ट्झ असते. मॉड्युलेटरवर ते टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे लावले नाही, तर चित्र झकास आणि आवाजाच्या जागी नुसता फुस्स असा अनुभव येतो, आणि दोष टीव्हीचा समजून माणूस भलतीकडेच शोध घेत राहतो.

यासाठी घरात एखादा जुना व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटचे यंत्र, पडून असेल तर तो आधी बाहेर काढावा. एव्ही इन आणि अँटेना आउट असलेला व्हीसीआर स्वतःच मॉड्युलेटरचे काम करतो. त्यात कॅसेट चालत नसली तरी बिघडत नाही; बॉक्सच्या पिना त्याच्या एव्ही इनमध्ये घालून, निवड एव्हीवर ठेवून, त्याची केबल टीव्हीला जोडली की झाले. मला हा उपाय सर्वांत प्रिय आहे, कारण एक जुने यंत्र दुसऱ्या जुन्या यंत्राला चालते ठेवते.

चौथी पायरी: चित्राचा आकार आणि रोजच्या वापरातल्या सोयी

जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ प्रमाणाचा, तर आजचे कार्यक्रम बहुतेक १६:९ प्रमाणाचे असतात. त्यामुळे बॉक्समध्ये तीन पर्याय हवेत: वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र दाखवणे, दोन्ही बाजू कापून पडदा भरणे, आणि आहे तसे दाबून बसवणे. तिसऱ्यात माणसे उंच आणि बारीक दिसतात, तो टाळावा. बातम्यांच्या तळपट्ट्या आणि खेळांचे गुणफलक कडेला असतात, म्हणून कायमसाठी मी पट्ट्यांचा पर्याय सुचवेन. पण एखादे केंद्र ४:३ चा जुना कार्यक्रम १६:९ च्या चौकटीत पाठवते तेव्हा चित्राभोवती चारही बाजूंनी काळी चौकट येते, आणि अशा वेळी रिमोटवर थेट झूमचे बटण असणे फार सोयीचे पडते. मेनूत सहा ठिकाणी शिरून झूम करावा लागणारा बॉक्स चार दिवसांत नकोसा होतो.

पिक्चर ट्यूबचा पडदा चित्राच्या कडांचा काही भाग चौकटीआड लपवतो, म्हणून मेनूची अक्षरे कडेला चिकटलेली असतील तर ती अर्धवट दिसतात. शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी बॉक्स एखाद्या पिक्चर ट्यूबच्याच संचावर चालवून पाहावा, अक्षरे दुरून वाचता येतात का तेही तपासावे. मोठ्या चपट्या पडद्यासाठी आखलेला मेनू १४ इंची पडद्यावर मुंगीएवढा दिसतो.

रिमोटबद्दल बोलायचे तर जुना टीव्ही वापरणारी व्यक्ती अनेकदा वयस्कर असते आणि एकाच्या जागी दोन रिमोट आले की ती अडखळते. बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची चालू-बंद आणि आवाजाची बटणे शिकवता येत असतील तर तो बॉक्स निवडावा. बटणे मोठी आणि क्रमांक ठळक असावेत. बॉक्सवरही निदान चालू-बंद आणि वाहिनी पुढे-मागे करण्याची बटणे असावीत. रिमोट हरवला आणि बॉक्सवर एकही बटण नसले, तर सगळा खेळ थांबतो. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी उपशीर्षके हा निवडीचा पहिला निकष मानावा, आणि ती चालू केल्यावर बॉक्स बंद-चालू केला तरी टिकून राहतात का, हे समोर उभे राहून पाहावे.

यूएसबीवर ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्या बॉक्समध्ये बहुधा एकच ट्यूनर असतो, त्यामुळे एक वाहिनी मुद्रित होत असताना दुसरी पाहता येईलच असे नाही. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणून लांब कार्यक्रमाचे तुकडे पडतात. वीजवापरासाठी स्टँडबाय स्थितीतले, म्हणजे रिमोटने बंद केल्यावरचे, वॅट पाहावेत. अमेरिकेच्या वर उल्लेखलेल्या नियमात ही मर्यादा २ वॅट होती, ती आजही चांगली कसोटी आहे. बॉक्सचा ॲडॅप्टर वेगळा येत असेल तर त्याचा व्होल्टेज बॉक्सच्या तळाशी खडूने किंवा पट्टी लावून लिहून ठेवावा, कारण १२ व्होल्टचा ॲडॅप्टर ५ व्होल्टच्या बॉक्सला लावला की बॉक्स जळतो.

पाचवी पायरी: अँटेना

अँटेनावर ‘डिजिटल’ असे लिहिलेले नसले तरी चालते. अँटेनाला फक्त वारंवारता कळते, त्या लहरीवर काय स्वार आहे ते कळत नाही. जुना अँटेना आपल्या भागातल्या डिजिटल वाहिन्यांच्या पट्ट्यात, म्हणजे व्हीएचएफ किंवा यूएचएफमध्ये, काम करत असेल तर तोच पुरतो. गंजलेले जोड आणि तडकलेली केबल मात्र बदलावी.

ॲनालॉगची सवय असलेल्यांनी एक बदल समजून घ्यावा. तेव्हा सिग्नल क्षीण झाला की मुंग्या वाढत, पण कार्यक्रम कळत राही. डिजिटलमध्ये चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असते आणि त्याखाली एकदम चौकोन पडून गोठते. म्हणून बॉक्समध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन वेगळे मापक असावेत, आणि अँटेना फिरवताना नजर गुणवत्तेवर ठेवावी. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर परावर्तन किंवा अतिरिक्त ॲम्प्लिफायर हे कारण असू शकते. मनोऱ्याजवळच्या घरात ॲम्प्लिफायर काढल्यावर वाहिन्या वाढलेल्या मी पाहिल्या आहेत. मेनूत ‘अँटेना पॉवर’ किंवा ५ व्होल्ट असा पर्याय असतो. तो वीज लागणाऱ्या अँटेनासाठीच चालू करावा, एरवी बंद ठेवावा.

सहावी पायरी: जोडणी आणि पहिले चित्र

दोन्ही यंत्रांचे प्लग काढलेले असताना अँटेनाची केबल टीव्हीतून काढून बॉक्सच्या अँटेना इनमध्ये लावावी. बॉक्सच्या एव्ही आउटमधून टीव्हीच्या एव्ही इनमध्ये रंगाला रंग जुळवून पिना बसवाव्यात आणि टीव्ही एव्हीवर घ्यावा. फक्त अँटेनाची जागा असेल तर मॉड्युलेटरची केबल तिथे लावून टीव्ही मॉड्युलेटरवर निवडलेल्या वाहिनीवर न्यावा; निवड ३ आणि ४ मधून असेल तर ज्यावर जवळपासचे केंद्र नसेल ती घ्यावी.

चकतीच्या टीव्हीवर हा क्षण धीराचा असतो. बॉक्सचा मेनू आधी उघडून ठेवावा, म्हणजे पडद्यावर काहीतरी स्थिर शोधायला मिळते. मग ट्यूनिंगचे गोल बटण अगदी सावकाश फिरवावे. प्रथम मुंग्यांमध्ये तिरक्या पट्ट्या येतात, मग मेनूची निळसर पार्श्वभूमी डगमगत उमटते, अक्षरे दुहेरी दिसतात आणि केसभर पुढे गेल्यावर एकदम एकवटतात. त्या ठिकाणी खरखर थांबून शांतता पसरते. चित्र आणि शांतता दोन्ही एकत्र साधतील तिथेच थांबावे. त्यानंतर भाषा, देश आणि पडद्याचे ४:३ प्रमाण निवडून वाहिन्यांचा शोध सुरू करावा. देश चुकीचा निवडला तर शोधाचे पट्टे चुकतात आणि वाहिन्या सापडत नाहीत, म्हणून या पडद्यावर घाई करू नये.

चित्र न आल्यास आधी टीव्ही आणि बॉक्स यांची बाजू तपासावी. मेनू दिसतो पण वाहिन्या नाहीत, तर दोष अँटेना, देशाची निवड किंवा प्रक्षेपणपद्धतीत आहे. मेनूच दिसत नाही, तर तो पिना, एव्हीची निवड किंवा मॉड्युलेटरमध्ये आहे. चित्र काळेपांढरे असेल तर रंगपद्धत बदलावी. बॉक्सच्या व्हिडिओ आउटची निवड वरच्या दर्जावर गेल्याने कंपोनंट केबलवर (चित्रासाठी हिरवी, निळी आणि लाल अशा तीन पिना असलेल्या) पडदा काळा झाला, तर रिमोटवरचे ‘व्ही-फॉरमॅट’सारखे बटण पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी थोडे थांबून दाबावे, ५७६ किंवा ४८० ओळींच्या आउटवर येताच चित्र परत दिसते. आधी दिसणाऱ्या काही वाहिन्या अचानक नाहीशा झाल्या, तर केंद्राने वारंवारता बदललेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी जुनी यादी पूर्ण पुसून नवा शोध घ्यावा, नुसती भर घालू नये.

सगळे जमल्यावर एक काम राहते. पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत ‘टीव्ही नेहमी ३ नंबरवर, वाहिनी बॉक्सच्या रिमोटने बदलायची’ असे लिहून ती टीव्हीच्या बटणांखाली लावावी, आणि घरातल्या ज्या व्यक्तीसाठी हे सगळे केले तिच्या हातात रिमोट देऊन, आपण काही न बोलता, तिला स्वतः टीव्ही बंद करून पुन्हा लावायला सांगावे.